मोकळा वेळ मिळाला आणि हात थांबला

काठावरचा | सोमवार, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ५३, राहणार पुणे. एका कचेरीत २२ वर्षं एकाच टेबलावर बसलो. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबा दहा मिनिटांत उरकायचा आणि उरलेली वीस मिनिटं खिडकीतून दिसेल ते काढायचं, हा माझा उद्योग. दिसायचं काय, तर समोरच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेली पातळं, एक मोडका अँटेना आणि त्याच्यावरचा कावळा. कागद म्हणजे रद्द झालेल्या फॉर्मांची कोरी पाठ. पेनही कचेरीचंच (देव माफ करो). साहेब आले की कागद फायलीखाली. अशी हजारेक चित्रं पत्र्याच्या ट्रंकेत पडून आहेत.

तेव्हा सारखं वाटायचं, एकदा ही नोकरी सुटू दे, मग बघा. पेठांमधले जुने वाडे पडायच्या आत काढून ठेवायचे होते. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगी मार्गी लागली आहे, कर्ज नाही. बायको अजून नोकरीत आहे, आणि तिने आपणहून मागची खोली मला दिली. ३०० जीएसएमचा जाड कागद आणला, चांगल्या निबा आणल्या, सुताराकडून तिरकं टेबल करून घेतलं.

आठ महिने झाले. चित्रं चार. त्यातली दोन टाक्यांचीच, आठवणीतून.

सकाळी वाटतं, आख्खा दिवस पडलाय, दहाला बसू. दहाला वाटतं, जेवून बसू. जेवल्यावर काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको.

तर विचारायचंय ते असं: तुमच्यापैकी जे गातात, लिहितात, विणतात, आणखी काही करतात, त्यांचं कसं चालतं? शिस्त लावून घेतली की जमतं, की शिस्तीने मजा जाते? का मला चित्रांची हौस नव्हतीच, कचेरीतून पळायचीच होती? हा शेवटचा प्रश्न रात्री जास्त छळतो.

चिंचोका | ११:४३

पहिला! आता वाचतो.

चिंचोका | ११:५१

वाचलं. काका, १ ते ४ दुकान बंद ठेवा, पाप नाही लागत. बाकी जाणकार येतीलच. मी बसलोय शेंगदाणे घेऊन.

खरजवाला | दुपारी १२:३०

काठावरचा, स्वागत.

मी पोटासाठी हिशेबनीस, गाणं हौसेचं. चाळिशी ओलांडल्यावर शिकायला लागलो. मैफल वगैरे होणार नाही हे गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, त्यामुळे सगळं सोपं झालं. पहाटे खरज लावतो. म्हणजे मंद्र सप्तकात, आवाज जाईल तितका खाली जाऊन एकेक सूर दम संपेपर्यंत धरायचा. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला म्हशीला ताप आलाय असं वाटतं (आमच्या हिचं मत).

पहिलं दीड वर्ष फक्त भूप राग. सा रे ग प ध, पाच सूर, मध्यम-निषाद वर्ज्य. वैताग यायचा. एकदा गुरुजींकडे एकटाच घोळवत बसलो होतो, ते आत चहा घेत होते. धैवत, म्हणजे ध, गोड लागला म्हणून तिथे जरा रेंगाळलो. मग परत रेंगाळलो. आतून आवाज आला, "देशकार कधी शिकवला रे मी तुला?"

माहीत नसलेल्यांसाठी: देशकारलाही हेच पाच सूर. भूपाचा जीव गंधारात, म्हणजे ग वर, देशकाराचा धैवतात. भूप रात्रीचा, देशकार सकाळचा. सूर तेच, पण मुक्काम हलवला की गाव बदलतं. मी न शिकलेल्या रागाच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिलो होतो आणि मला पत्ता नव्हता. पाच सुरांत दीड वर्ष कोंडला गेलो नसतो तर धैवतावर थांबल्याने काही होतं, हेच कळलं नसतं.

तुम्हाला एवढंच सांगेन की किती वेळ बसायचं ते ठरवू नका, कधी बसायचं ते ठरवा. मूड-बीड काही नसतो.

दुपारची_झोप | १२:५८

मला एक कळत नाही. आठ महिन्यांत चार चित्रं झाली, बरं मग? हिशेब कोणाला द्यायचाय? २२ वर्षं हजेरीपुस्तकावर सही केलीत, आता स्वतःच स्वतःचे साहेब होऊन हजेरी घेताय. शिस्त ही कारखान्याची सोय आहे. भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की बाहेर. माणूस सुटला तरी भोंगा डोक्यात वाजत राहतो, तुमचं तेच चाललंय. झोपा दुपारी. कावळा बघा. नाही काढला तरी कावळ्याचं काही अडत नाही.

अनुस्वार | दुपारी १:१५

स्वातंत्र्य या शब्दाची फोड केली तर स्व + तंत्र अशी...

चिंचोका | १:१६

आला! स्व-तंत्र आला! दीड तास वाट बघत होतो.

अनुस्वार | १:२२

हसा. पण मग मराठीतला साधा शब्द घ्या, नेम. एकादशीचा नेम, वारीचा नेम, म्हणजे न चुकता पाळायची गोष्ट. आणि दगड मारताना धरतात तोही नेमच. एकच शब्द. वारकरी पंढरीला जातो तेव्हा 'शिस्त पाळतोय' असं कोणी म्हणत नाही. धागाकर्त्याला शिस्त नकोय, नेम हवाय.

दुपारची_झोप | १:२५

आणि नेम चुकला की दोन्हीकडून बोंब.

फळा_खडू | दुपारी ३:१०

मी शाळेत चित्रकला शिकवते, २६ वर्षं झाली. वरचं सगळं वाचलं. कोणीच कागदाबद्दल बोललं नाही याचं नवल वाटलं.

काठावरचा, तुम्ही फुकटच्या कागदावर काढत होतात. रद्द झालेला फॉर्म! आधीच वाया गेलेला. त्याला तुम्ही आणखी काय वाया घालवणार? आता समोर ३०० जीएसएमचा पांढराशुभ्र तुकडा, ज्याची किंमत तुम्हाला पाठ आहे. हात थांबेल नाही तर काय.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचं दरवर्षी हेच बघते. वहीच्या मागच्या पानावर गणिताच्या सरांचं इतकं जिवंत व्यंगचित्र काढणारा मुलगा, ड्रॉइंग शीट पुढे आली की पट्टी काढतो आणि चौकट आखत बसतो. चौकट झाली की दुसरी चौकट. अर्धा तास गेला. मग मी एक करते. वर्गात फिरताना त्याच्या शीटच्या कोपऱ्यात मुद्दाम ओलं बोट टेकवते. डाग पडतो. मुलगा आधी रडवेला होतो, मग सुटतो. डाग पडलाच आहे, आता काढू काय वाटेल ते.

परीक्षेला अर्थातच असं करता येत नाही. पण तुमची परीक्षा कोण घेतंय? उद्या सकाळी त्या गठ्ठ्यातल्या वरच्या दहा कागदांवर चहाचा कप ठेवून उचला.

काठावरचा | ३:४०

बाई, वाचून कानशिलं गरम झाली. मी आठ महिन्यांत खरोखर चौकटी आखल्यात. पेन्सिलीने, पाव इंच समास सोडून. सांगायला लाज वाटत होती.

चिंचोका | ३:४४

बाईंना दंडवत. पण काका, दहा कागदांवर चहाचे डाग म्हणजे पुण्यात मंगलकार्यालयाच्या टेबलक्लॉथसारखं दिसेल.

श्टुटगार्टचा_तबला | सायंकाळी ५:०५

इकडून माझे दोन पैसे, म्हणजे सेंट.

इथे रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही आणि रविवारी दिवसभर नाही. रविवारी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दार वाजवतात. जिना झाडायची पाळीही आठवड्याआठवड्याने वाटून दिलेली असते. अशा ठिकाणी मी तबला वाजवतो. खालच्या मजल्यावरच्या आजींशी तह झालाय: सोमवार ते शुक्रवार, सात ते पावणेआठ. डग्ग्याखाली जाड सतरंजी, आणि वरून अर्धा टॉवेल. साडेसहाला ऑफिसातून येतो, भात लावतो, सातच्या ठोक्याला बसतो. एक मिनिट वाया घालवत नाही, कारण ४५ तर आहेत.

मागच्या ऑगस्टमध्ये आजी तीन आठवडे मुलाकडे गेल्या. म्हटलं आता दिवाळी. टॉवेल काढून टाकला. रात्री नऊला वाजवू, शनिवारी दुपारी वाजवू. तीन आठवड्यांत मी किती दिवस बसलो असेन? दोन. त्यातला एक म्हणजे त्या परत आल्या त्याच्या आदल्या दिवशी.

म्हणून काठावरचा यांना म्हणावंसं वाटतं की एखाद्या आजी शोधा.

चिंचोका | ५:१२

पुण्यात वरच्या मजल्यावरचा आवाज सहन न होणाऱ्या आजी शोधाव्या लागत नाहीत.

सहा_सतराची_लोकल | रात्री ९:५०

दिवसभर धागा फोनवर वाचत होते, आता वेळ मिळाला. जरा कडू लिहिणार आहे, आधीच सांगते.

पहाटे खरज लावणाऱ्या सर्वांना नमस्कार. खरज संपल्यावरचा चहा कोण करतं?

बंधनातून कला फुलते, ४५ मिनिटांत जीव ओतला जातो, हे ऐकायला छान वाटतं. ज्यांच्या वाट्याला बंधन औषधाइतकंच आलं त्यांनी ते गोड मानून घ्यावं. मी कथा लिहिते. डोंबिवलीहून फोर्टला जाते. ठाण्याला चौथी सीट मिळाली तर अर्ध्या मांडीवर बसून अंगठ्याने टाइप करते. दादर आलं की पात्रं तशीच उभी ठेवून उतरणाऱ्यांच्या मागे सरकायचं. आजवर माझ्या एकाही कथेत लांब वाक्य नाही. ही शैली नाही, हा गर्दीचा परिणाम आहे.

दोन वर्षांपूर्वी आईचं ऑपरेशन झालं म्हणून नऊ दिवस चिपळूणला राहिले. मुलं नवऱ्याकडे. आई औषधाने झोपायची आणि मी मागच्या पडवीत बसायचे. कोणी हाक मारणारं नाही. नऊ दिवसांत दोन कथा पूर्ण आणि तिसरी अर्धी. त्यांत वाक्यं लांब आहेत, पाऊस आहे, माणसं उगाच बसून राहतात. तशा मला लोकलमध्ये कधीच लिहिता आल्या नसत्या.

म्हणून मोकळ्या वेळाची बदनामी थांबवा. काठावरचा, तुम्हाला खोली मिळाली, वेळ मिळाला. नाही जमत हे खरं असेल, पण त्याला मोकळीक जबाबदार नाही.

काठावरचा | रात्री १०:१५

ताई, चहा मीच करतो आणि गेल्या आठ महिन्यांपासून सकाळचा स्वयंपाकही. हे बचावासाठी सांगत नाही. पण तुमचं वाचल्यावर आठवलं की २२ वर्षं तो डबा कोण भरत होतं. माझी ती वीस मिनिटं पहाटे साडेपाचला कोणीतरी भरून दिलेली होती.

खरजवाला | रात्री १०:३२

खरजेनंतरचा चहा थर्मासमध्ये रात्रीच करून ठेवतो. (आजपासून.)

जुनी_पेटी | मंगळवार, सकाळी ८:२०

लोकलताईंचा राग समजू शकतो, पण इतिहास बघा. बहिणाबाई चौधरींना कुठे होती मोकळीक? जात्यावर, शेतात, काम करता करताच गाणी सुचली. हात कामात गुंतले की मन सुटतं. कुमार गंधर्वांचं घ्या. क्षयामुळे डॉक्टरांनी गाणं बंद केलं, १९४८ साली देवासला गेले, काही वर्षं गळा मिटलेला. खाटेवर पडून माळव्याची लोकगीतं कानावर घेतली आणि त्यातून पुढे काय काय उभं राहिलं ते आपण ऐकतोच. बंदी नसती तर?

सहा_सतराची_लोकल | सकाळी ९:०५ (ठाणे, चौथी सीट)

जुनी_पेटी, बहिणाबाईंना जात्यामुळे सुचलं की जातं असूनही सुचलं? हे तुम्ही कसं ठरवलंत? त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने उतरून घेतलं म्हणून राहिलं, आणि छापून आलं १९५२ साली, म्हणजे त्या गेल्यानंतर. जात्यावर बसणाऱ्या बाकीच्यांचं काय? हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रकल्पात खेड्याखेड्यातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. एक लाख! त्या रचणाऱ्या बायकांना पडवीत नऊ दिवस मिळाले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न विचारून बघा. दादर.

दुपारची_झोप | सकाळी ९:२०

आणि डॉक्टरांची बंदी म्हणजे शिस्त नव्हे. कुमारांनी ती काही लावून घेतली नव्हती. तुरुंगात चांगली पुस्तकं लिहिली गेलीत म्हणून कोणी तुरुंगात खोली बुक करत नाही.

अनुस्वार | ११:००

लोकलताईंचं पटलं. तरी रूपाच्या बंधनाबद्दल एक वेगळा मुद्दा मांडतो, तो वेळेच्या बंधनाशी गल्लत करू नये.

मोठा अभंग मोजून बघा. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. 'सुंदर ते ध्यान' बोटांवर मोजा, बरोबर बसेल. एकूण २२ अक्षरं. एवढ्या खोलीत तुकोबांनी विठ्ठलाशी भांडण केलं, लाड केले, कर्जबाजारीपणा सांगितला, दिवाळं काढलं. शेवटचा चरण चारच अक्षरांचा, त्यामुळे बोलणं पायरी चुकल्यासारखं खाली येतं. ती ठेच आहे म्हणून अभंग लक्षात राहतो. हे बंधन कोणी लादलेलं नाही, आणि यासाठी कोणाच्या चहाची गरजही लागत नाही.

चिंचोका | ११:१८

उठलो पाचला
चहा मी घेतला
पेपर वाचला
झोपलो मी

मात्रा बरोबर आहेत का गुरुजी?

अनुस्वार | ११:२१

मात्रा नव्हे, अक्षरं मोजतात. बरोबर आहेत. दुर्दैवाने यमकही बरोबर आहे.

निळीशाई | ११:४०

अवांतर: धागाकर्ते, निबा कुठून आणल्यात? आप्पा बळवंत चौकात दोन दुकानं फिरलो, दोघांनीही जेल पेन पुढे केलं.

काठावरचा | ११:५५

चौकातच, पण मुख्य रस्त्यावर नव्हे, आतल्या बोळात. काउंटरवरच्या पोराला विचारू नका, मागे बसलेल्या आजोबांना विचारा. ते खालच्या खणातून काडेपेटी काढतात, निबा तिच्यात असतात.

निळीशाई | दुपारी १२:०३

काडेपेटी! धन्यवाद. आणि शाई वॉटरप्रूफच घ्या. बाईंचा चहाचा प्रयोग करणार असाल तर जास्तच.

सरी_आणि_दारी | मंगळवार, रात्री ११:४५

राम राम. उसाच्या बांधावरनं लिहितोय. सांगली जिल्हा. या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट हाय, त्यामुळं दारं धरायला आलोय. शहरातल्या लोकास्नी सांगतो, दारं धरणं म्हंजे सरीचं तोंड फोडून पाणी आत सोडायचं, ते शेवटाला पोचलं की तोंड बुजवायचं आणि पुढची सरी फोडायची. आमच्या रानात एका सरीला बारा-पंधरा मिनटं लागत्यात. तेवढा वेळ बांधावर बसायचं. हातात बॅटरी, खोरं, पायात गमबूट, आणि कान पाण्याकडं. सरी भरत आली की आवाज बदलतो, बघायला लागत न्हाई.

मी कविता करतो. त्या बारा मिनटात. लिहीत न्हाई, हात चिखलाचं असत्यात, फोनात बोलून ठेवतो. घरला जाऊन ऐकलं की मागं बेडकं वरडत असत्यात आणि मधीच 'ए पाणी फुटलं' म्हणून मीच वरडलेला असतो.

तुमचं समद्यांचं वाचलं. मला काय वाटतं सांगू का काका, शिस्त पाण्याला असती, आपल्याला नसती. पाणी वळवायला पाच मिनटं उशीर झाला की बांध फुटतो, शेजाऱ्याच्या रानात पाणी जातं, सकाळी भांडान. कवितेला उशीर झाला तर काय होतंय? कायच होत न्हाई. कुणी इचारत न्हाई, कुणाचं नुकसान न्हाई. हीच अडचन हाय. तुमच्या चित्राला उशीर झाला तर काय फुटतंय, ते बघा.

अनुस्वार सरांचं गणित लावून बघितलं:

रात्री येते वीज
भिजतात सरी
कविता ही तरी
सुकी राहे

जातो, सरी भरली.

फळा_खडू | बुधवार, सकाळी ७:१०

"सुकी राहे." वा दादा. अजिबात सुकी नाही.

खरजवाला | सकाळी ७:३०

काय फुटतंय ते बघा. हे लिहून ठेवतो.

दुपारची_झोप | दुपारी ४:०२ (आत्ताच उठलो)

दादांचा प्रतिसाद आवडला, पण त्यातून उलटा अर्थ निघतो बरं का. चित्राला उशीर झाला तर काहीच फुटत नाही, ही कलेची अडचण नव्हे, मजा आहे. जगातल्या बाकी प्रत्येक गोष्टीला उशीर झाला की काहीतरी फुटतं. एक तरी गोष्ट असू दे जिला उशीर होऊ शकतो.

खरजवाला | ४:२०

हे म्हणायला सोपं. मग माणूस करत काहीच नाही.

दुपारची_झोप | ४:२४

आणि म्हणून काय झालं?

खरजवाला | ४:२६

म्हणून तो रात्री जागा राहून इथे धागा काढतो. धागाकर्त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये छळतं असं लिहिलंय. तुम्हाला छळत नसेल तर तुमचा प्रश्नच नाही.

दुपारची_झोप | ४:४१

...हा मुद्दा तुम्हाला दिला. छळत असेल तर वेगळं.

दोन_गुणांनी | बुधवार, रात्री ११:३०

मी स्पर्धा परीक्षेवाली. सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसते, चौथं वर्ष. मागच्या वेळी मुख्य परीक्षेत दोन गुणांनी गेलं, म्हणून हा आयडी.

शिस्त कोणाला हवी असेल तर माझ्याकडून घेऊन जा, पोतंभर आहे. माझं टाइमटेबल भिंतीवर सात रंगांच्या स्केचपेनने केलेलं आहे. चार वर्षांत मी जी काही सर्जनशीलता दाखवली ती टाइमटेबलं बनवण्यात. सरावाच्या उत्तरपत्रिकेवर गोल काळे करायचे असतात ना, चुकीच्या गोलांना मी डोळे-नाक काढते. 'क' पर्यायवाले बहुतेक वेळा उदास असतात.

इथे एक गंमत सांगते. अभ्यासिकेत शंभरेक मुलं असतात, कोणी कोणाशी बोलत नाही. मी घरी गावाला गेले की एक पान वाचून होत नाही. परत आले की त्याच खुर्चीत सहा तास. कोणी बघत नसतं, पण शेजारच्याची मान खाली असते म्हणून आपलीही राहते. काका, तुम्ही खोलीत एकटे आहात. कचेरीत एकटे नव्हता. महिन्याची फी भरून बसा आमच्यासारखे. नियम एकच, आवाज करायचा नाही.

चिंचोका | रात्री ११:४१

काका एमपीएससीला बसले तर धागा सार्थकी लागला म्हणायचा.

श्टुटगार्टचा_तबला | गुरुवार, पहाटे २:१०

मला त्या उदास 'क' पर्यायांची चित्रं बघायची आहेत.

काठावरचा | सतरा दिवसांनी, शनिवार, सायंकाळी ६:२०

मंडळी, धागा वर काढतोय, माफी. उत्तर द्यायला उशीर झाला. (काही फुटलं नाही.)

सगळ्यांचं थोडं थोडं करून बघितलं. चहाचा कप ठेवला. एकाच कागदावर, दहांवर धीर झाला नाही. त्या गोल डागात पाण्याची टाकी बेमालूम बसली, वरून बघितल्यासारखी. खरजवाल्यांसारखी पहाटेची वेळ ठरवली, ती तीन दिवस टिकली.

मग दोन_गुणांनी यांचं ऐकून एका अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरले. व्यवस्थापक तरुण मुलगा. त्याने वहीत नाव लिहिलं आणि विचारलं, "काका, कोणती पोस्ट?" म्हटलं, "रिटायर्ड." त्याने खरंच तसं लिहून घेतलं.

पहिल्याच दिवशी निब काढली आणि कागदावर कर्र आवाज झाला. चार माना वर. निब परत डबीत. शेजारच्या पोराने न बोलता एक बॉलपेन सरकवलं. कागदही लगेच मिळाला, कारण तिथे झेरॉक्स फसलेल्या पानांचा ढीग असतो, एका बाजूने कोरी. म्हणजे साडेतीनशे रुपयांचा कागद, निबा, तिरकं टेबल, उत्तरेचा उजेड सगळं घरी, आणि मी ट्यूबलाइटखाली बॉलपेनने झेरॉक्सच्या पाठीवर.

अकरा ते दीड बसतो. झाली तेरा. बरीच टाकाऊ. चांगली म्हणावीत अशी दोन: दाराबाहेरची चपलांची मांडणी, आणि वहीवर गाल टेकून झोपलेला मुलगा.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे, कारण पहिल्या पोस्टमधला शेवटचा प्रश्न कोणी हातात घेतला नाही आणि ते बरंच केलंत. तिथे मला रागावणारं कोणी नाही. पैसे भरलेत, खुर्ची माझी आहे. तरी काल व्यवस्थापक फेरी मारायला आला तेव्हा माझा कागद आपोआप पुस्तकाखाली गेला. पुस्तक म्हणजे राज्यव्यवस्थेचं गाईड, केवळ या कामासाठी शेजाऱ्याकडून मागून घेतलेलं. तो पुढे गेल्यावर कागद बाहेर काढला, आणि खरं सांगतो, हात जरा जास्तच सैल चालला.

सहा_सतराची_लोकल | सायंकाळी ६:४०

हे वाचून हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. चपलांचं चित्र टाका.

दुपारची_झोप | ६:४५

म्हणजे प्रश्नाचं उत्तर 'हो, पळायचीच हौस होती' असं आहे. बरं झालं की. पळत राहा.

फळा_खडू | संध्याकाळी ७:०५

चपला, झोपलेला मुलगा, सगळं छान. पण मूळ पोस्टमध्ये वाडे होते. वाड्यांचं काय?

काठावरचा | ७:३०

बाई, तुम्ही वहीतलं मागचं पानही तपासता.

आमच्या मागच्या गल्लीतला एक वाडा सोमवारपासून पाडायला घेताहेत. आतली माणसं गेलीत, दरवाजा आणि खिडक्या विकून झाल्यात. ठेकेदाराला विचारलं, तो म्हणाला जेसीबी साडेदहाला येईल, त्याआधी या, चौकात बसा, पण माडीवर चढू नका. उद्या रविवारी दिवसभर आणि सोमवारी साडेदहापर्यंत, एवढा वेळ आहे. पाण्याचा हौद, तुळशीवृंदावन आणि जिन्याखालची ती अंधारी खोली तरी झाली पाहिजे.

बॉलपेनच नेणार आहे.

सरी_आणि_दारी | रात्री ९:१२

आता फुटतंय बगा कायतरी. लवकर जावा.